गरीब गुणाची मोटार

कुंडलात कुणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी राहीबाईच्या दारात यायचा आणि मग बाजाराची वाट धरायचा. बाईमाणसाला विचारून बैल घेतात म्हणून पंचक्रोशीतले पाहुणे हसायचे. हसेनात का! त्यांचे बैल दोन पावसाळ्यांत मान टाकायचे, आणि कुंडलचे बैल मजेत औत ओढायचे. राहीबाईचा बाप बैलांचा हेडी, म्हणजे बाजार ते बाजार जनावरं घेणारा आणि विकणारा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं आपलं सगळं शिकलेलं या लेकीच्या पदरात घातलं. कानस मारून दात कोवळे कसे दाखवतात, तेल चोळून शिंगं कशी उजळतात, चार दिवस गूळ-पेंड चारून वर आलेली हाडं कशी झाकतात, हे सगळं त्यानं तिला उन्हातान्हात उभं करून दाखवलं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली. जनावर बघून झालं की विकणाऱ्याकडं बघ. दावं हातात देताना जो धनी तोंड फिरवतो, ज्याच्या डोळ्याला पाणी येतं, त्याचं जनावर गरीब गुणाचं असतं, ते डोळे झाकून घे. राहीबाईनं हे जन्मभर पाळलं आणि ती एकदाही फसली नाही. फसली असती तर बरं झालं असतं, निदान एकदा तरी शंका आली असती.

तिला दोन मुलगे. थोरला अर्जुना फौजेत गेला आणि इटलीच्या लढाईत पडला. कुठली इटली, कुणाचं भांडण, राहीबाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगा टेशनावर हसत गाडीत चढला आणि त्याच्या मातीला हात लावायलासुद्धा मिळाला नाही, एवढंच तिला कळत होतं. नवरा केरबा अबोल माणूस. तार आली तेव्हा तो उसाला पाणी पाजत होता. तसाच पाजत राहिला, आणि मोट सुटल्यावर विहिरीच्या काठावर बसून राहिला. धाकटा ज्ञानू तेव्हा शाळकरी पोर होता.

तो ज्ञानू आता अठरा वर्षांचा झाला. मिसरूड फुटलं, आवाज फुटला, आणि त्याच्या डोक्यात एकच घोष सुरू झाला, फौजेत जायचं. लढाई संपून तीन वर्षं झाली होती, इंग्रज गेला होता, पण काश्मीरकडं पुन्हा तोफा सुरू झाल्या होत्या आणि साताऱ्याला भरती चालू होती. गावातली चार पोरं नावं देऊन आलीसुद्धा. ज्ञानूनं छाती मोजून घेतली होती. मापात बसतेय म्हणून सगळ्या आळीला सांगत सुटला होता. राहीबाईनं त्याला आधी रागं भरलं, मग विनवलं, मग जेवण टाकलं. तरी पोरगं ऐकेना. शेवटी एका सकाळी ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"फौज सोडून काय बी माग," ती म्हणाली. "आकाशातला चंद्र माग. ह्या घरातनं आता आणखी एक जाऊ द्यायची न्हाई मी."

ज्ञानू हसला. आईला अडचणीत टाकायचं म्हणून म्हणाला, "मग मोटार घेऊन दे."

त्याला काय माहीत, ही बाई हो म्हणेल! पण ती हो म्हणाली, तिथल्या तिथं, पदर खोचून. मोटार भाड्यानं चालवायची, लग्नाच्या वऱ्हाडाला, आजाऱ्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला. पोरगं दिवसभर हिंडेल पण संध्याकाळी घरच्या अंगणात येऊन झोपेल, असा तिनं विचार केला. पैसा कुठून आला, हे ज्याला विचारायचं असेल त्यानं दुसरीकडं जाऊन विचारावं. ऊस होता, घाम होता, आणि नव्या कोऱ्या मोटारीची तर बातच नव्हती. जुनी बघायची, वापरलेली, असं ठरलं.

ज्ञानूला मोटार चालवायला शिकवलं होतं सिद्धूनं. हा सिद्धू आटपाडीकडचा, माणदेशातला मेंढकी माणूस. फौजेत ट्रक चालवायचा, अर्जुनाच्या पलटणीतला. अर्जुना गेल्यावर तो सुट्टीवर आला तेव्हा अर्जुनाची पेटी घेऊन कुंडलला आला होता, आणि लढाई संपून फौजेतून नाव कमी झाल्यावर इथंच गुळाच्या लॉरीवर राहिला. राहीबाईला मावशी म्हणायचा. त्यानं त्या लॉरीवर ज्ञानूचा हात बसवला, परवाना काढून दिला, आणि मोटार बघायला सांगलीला तोही बरोबर निघाला. केरबा, राहीबाई, ज्ञानू आणि सिद्धू, अशी ही वरात दिवाळी झाल्यावर सांगलीत उतरली.

सांगलीत आप्पासो म्हणून एक दलाल होता. घर, जमीन, इंजिन, घोडा, काय म्हणाल ते मिळवून देणारा. त्यानं यांना दिवसभर हिंडवलं. पहिली दाखवली ती फौजेनं लिलावात काढलेली जीप. सिद्धूचे डोळेच चमकले. त्यानं खाली शिरून बघितलं, चाकं हलवून बघितली, आणि उठून म्हणाला की मावशी, दिसायला ओबडधोबड हाय, पण चढाला दमायची न्हाई आणि उताराला सोडायची न्हाई, हीच घ्या. ज्ञानू तर आत चढून बसलाच होता. राहीबाई जवळ गेली नाही. लांबूनच तिनं तो मातकट खाकी रंग बघितला. अर्जुनाच्या अंगावर शेवटी हाच रंग होता. फौजेची वस्तू माझ्या अंगणात नको, एवढंच ती बोलली, आणि सिद्धू हात पुसत बाजूला झाला. केरबानं तोंड उघडलं, पण ते तसंच मिटलं.

दुसरी एका जहागीरदाराच्या घरची, निळी, उघड्या टपाची. हँडल मारल्याबरोबर तिनं असा काही हिसका दिला की राहीबाई दोन हात मागं सरली. हे खोंड आहे, म्हणाली. पोराच्या पहिल्या जुवाला कुणी खोंड जुंपत नाही. पहिल्या जुवाला म्हातारा, मुरलेला बैल द्यायचा. पोराचा हात चुकला तरी बैलाचा पाय चुकत नाही, पोराला झोप लागली तरी बैल गाडी घरी आणतो. तिच्या बापानं पन्नास पोरांना असे बैल देऊन शेतकरी केलं होतं. ज्ञानूनं डोक्याला हात लावला आणि सांगून बघितलं की आये, मोटारीला घरची वाट ठाऊक नसती. तिलाही ते कळत होतं, ती काय खुळी होती? पण जन्मभर ज्या नजरेनं बघितलं ती नजर काढून ठेवायची कुठं, आणि दुसरी आणायची कुठून?

तिसरी मोटार नानासोंची.

नानासो हळदीचे व्यापारी, पेठेतलं जुनं, नावाजलेलं घर. त्यांच्या हळदीच्या वखारीमागं पत्र्याच्या शेडात काळी, बंद टपाची, चार दारांची मोटार उभी होती. जुनी, पण अंगावरचा रंग ताजा. आप्पासो म्हणाला, घरची आहे, दोन वर्षं तर जागेवरच उभी आहे, कुणी फिरवली नाही, कालच तेलपाणी केलंय. राहीबाईनं बॉनेटवर हात ठेवला, वाकून चाकांत बघितलं, दार उघडून झाकून बघितलं. ज्ञानू हसत होता. शेपूट वर करून बघ, म्हणाला. सिद्धूनं हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि संथ घुरघुरत राहिलं. सिद्धू आणि ज्ञानू तिला घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत गेले, नदीकडच्या रस्त्यानं फिरून आले. दोघांनाही खोट सापडली नाही. सापडणार कशी? सांगलीची जमीन ताटासारखी सपाट, आणि गाडीत दोनच माणसं. सिद्धूनं एवढंच सांगितलं की चांगली हाय, पण माझं मन जीपवर हाय.

मग नानासो बाहेर आले. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला रुमाल. त्यांच्या हातात ते लोखंडी हँडल होतं. ते त्यांनी ज्ञानूकडं केलं, आणि त्या पोराच्या तोंडाकडं बघता बघता ते सोडायचं विसरले. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. आतून त्यांची बायको सुलाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, मोटारीपासून चार हातांवर थांबली, आणि ताट तसंच घेऊन आत पळाली. नानासोंनी रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "हीच," ती म्हणाली.

आता या आप्पासोचं तोंड एरवी उन्हाळ्यातल्या रहाटासारखं चालायचं. त्या दिवशी मात्र त्याला बोलायला काही सुचलं नाही. तो हळदीच्या पोत्यांकडं बघत उभा राहिला, मेला. एक वाक्य बोलला असता तर त्याच्या बापाचं काय जात होतं? नाही बोलला. निघताना राहीबाई नानासोंच्या जवळ गेली. माणसाचं वाईट वाटतंय, चार शब्द धीराचे बोलावेत, म्हणून म्हणाली, "काळजी करू नगा, दादा. माझा ज्ञानू हिला जिवापाड सांभाळंल."

नानासो तिथंच पोत्यावर बसले. राहीबाईला वाटलं, किती जीव या माणसाचा गाडीवर!

त्यानंतरचे चार महिने सोन्याचे गेले, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. ज्ञानूनं मोटार धुवून पुसून आरशासारखी केली. पहिल्या फेरीला आईला मागं बसवलं आणि किर्लोस्करवाडीच्या टेशनापर्यंत नेऊन आणलं. राहीबाई डोळे गच्च मिटून बसली होती, आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगत होती की वाटेतलं झाडन् झाड बघितलं. पोरगं मोटार चालवायचं ते इतकं सावकाश की बरोबरीची पोरं त्याला गोगलगाय म्हणायची. तो चिडायचा नाही. आईला शब्द दिलाय, म्हणायचा. संध्याकाळी अंगणात मोटार येऊन थांबली की राहीबाई चुलीपुढून उठून दारात यायची, उगाच, फक्त बघायला. नव्या सालाबरोबर काश्मीरची लढाईही थांबली. केरबा एवढंच म्हणाला की बरं झालं. राहीबाई मात्र उशाशी बसून झोपलेल्या पोराच्या केसांतून हात फिरवत राहिली, आपण जिंकलो असं तिला वाटलं.

माघात गावातल्या विजयमालेचं लग्न झालं आणि तिला सासरी, खंडाळ्याला पोचवायची सुपारी ज्ञानूला मिळाली. लांबची, मानाची फेरी. गाडीत नवरी, करवल्या, पाठराखीण म्हणून नवरीची चुलती अंबूबाई, वर रुखवताचे हारे आणि लाडवाचे डबे. ठासून भरलेली मोटार सकाळी वाजतगाजत निघाली. कुंडल ते साताऱ्यापर्यंत रस्ता तसा सरळ. पुढं खंबाटकीचा घाट चढायचा आणि पलीकडं उतरायचं की खाली खंडाळा. ज्ञानूनं त्या चार महिन्यांत एकदाही घाट बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याला मालाच्या ट्रकमधून आणलं.

बाकी सगळे वाचले. नवरीच्या हातातला चुडाच काय तो फुटला, कुणाला खरचटलं, कुणाचा हात मुरगळला. गेला तो एकटा ज्ञानू. मग गावानं तोंडं उघडली. गावाला तोंड उघडायला काय लागतं? कोवळं पोर, गाडीत नटलेल्या करवल्या, उतार दिसला आणि सुटलं वाऱ्यासारखं, असं पारावर बोलणं झालं. दहाव्याला नदीच्या काठावर बसलेल्या माणसांतही कुणीतरी तेच बोललं. केरबा मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानं बायकोला एका शब्दानं दोष दिला नाही. राहीबाई त्याची वाट बघत होती. तिला वाटायचं, हा आता बोलेल, तू निवडलीस म्हणेल, ओरडेल, मारेल. तो रोज बैलांना वैरण टाकायचा, आणि तिच्यापुढं भाकरीचं ताट सरकवायचा. तिच्या डोळ्यांतून मात्र एक टिपूस आलं नव्हतं. आत सगळं कोरडं पडलं होतं.

बाराव्याला अंबूबाई आली. हात गळ्यात बांधलेला. ती पुढच्या बाजूला ज्ञानूशेजारी बसली होती. तिनं राहीबाईला आत नेलं आणि दार लोटलं.

"राहे, लोक काय बी बोलतील," ती म्हणाली. "तुझा लेक पायी चालावं तसा चालवत हुता. उतार लागला, त्येनं पाय दाबला, आन् गाडी डावीकडं दरीच्या अंगाला ओढाय लागली. मला म्हणला, काकी, डावीकडं ओढतीया, घट धरा. दोनदा सावरली त्येनं. तिसऱ्यांदा सावरंना तवा सगळं बळ लावून उजवीकडं पिळली, डोंगरावर घातली. त्येच्याच अंगाला डोंगर हुता. त्येला दिसत हुतं गं. आमाला वाचवाय घातली त्येनं."

पुढं सिद्धू घाटात जाऊन मोडकी मोटार बघून आला. डोळे लाल करून आला. म्हणाला, मावशी, वरचा रंग नवा हाय, पण आतलं डावं अंग सगळं ठोकून सरळ केलंय. ही मोटार आधी कुठंतरी जबर आपटलेली हाय. चाकावर चांगलं वजन पडलं आणि ब्रेक तापला की डावं चाक एकटंच आवळतंय, आन् ब्रेकची झीज बघता ही खोड त्या आपटण्याच्याही आधीची हाय. रिकामी फिरवली तवा मला कळलं न्हाई, म्हणाला, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. राहीबाईनं त्याचा हात धरला. तेवढ्यापुरतंच तिला काही सुचलं.

आधी आपटलेली! मग तो माणूस रडला कशापायी? हा एक प्रश्न तिच्या डोक्यात घुसला आणि बाहेर निघेना. चोर तो चोर, आणि वर नाटक करतो? जनावर लबाड, धनी त्याहून लबाड, आणि तरी डोळ्यांतलं पाणी खरं वाटलं, म्हणजे तिच्या बापानं दिलेलंच खोटं ठरलं. पंधरा दिवस झाल्यावर तिनं लुगडं बदललं आणि एकटी सांगलीला निघाली. केरबा येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. वाटभर ती एकच वाक्य घोळवत होती. त्या म्हाताऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि सांगायचं, की तुझ्या डोळ्यातलं पाणी बघून मी माझं पोर त्या गाडीत बसवलं. एवढंच बोलायचं. मग त्यानं जन्मभर झोपून दाखवावं.

नानासो वखारीच्या पायरीवरच होते. तिला बघून ओळखलं आणि उठून उभे राहिले. त्यांना घाटातली बातमी कळलेली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी हात जोडले. राहीबाईनं जोडले नाहीत.

"आपटल्याली मोटार इकली आमाला," ती म्हणाली. "का?"

नानासोंनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "आप्पासोनं सांगितलं नाही तुम्हाला? बाई, देवाशपथ, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या सांगलीला ठाऊक आहे. माझा ज्योतिबा त्याच मोटारीत गेला."

त्यांनी तिला आत नेलं, बसवलं, आणि तुटक तुटक सांगितलं. एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून मित्रांना आणि त्यांचं सामान घेऊन परत येत होता. घाटातून उतरताना मोटार कठड्यावर गेली आणि तो बाहेर फेकला गेला. पुण्याची संगत, रात्रीचं जागरण, प्यालेला असेल, असं लोक म्हणाले. नानासोंनी ते खरं धरलं. गावात मान असलेला माणूस. त्यांना मुलगा गेल्याच्या दुःखापेक्षा त्याची लाज जास्त झाली. त्यांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. सुलाबाईला कुणापुढं रडू दिलं नाही. मोटार दुरुस्त करून, रंगवून शेडात घातली, ती विकवेना आणि बघवेना, शेवटी आप्पासोनं गळ घातली तेव्हा विकायला काढली. इतकं करून दोन वर्षं कोरडे राहिलेले डोळे तुमच्या पोराला बघून फुटले, असं ते म्हणाले.

राहीबाईच्या जिभेवर ते वाक्य आलेलं होतं. पण त्याआधी तिच्या तोंडून दुसरंच निघालं. ती म्हणाली की माझा पोरगा प्यालेला नव्हता, पळवतही नव्हता. मोटारच पहिल्यापासून डावीकडं ओढायची. गाडी भरलेली असली आणि उतार लागला की.

नानासो दचकले. "डावीकडं?"

"व्हय."

"गाडी भरलेली असली की?" त्यांनी पुन्हा विचारलं. "त्या दिवशी भरलेलीच होती हो. सामान होतं, माणसं होती. कठडाही डावीकडचाच." ते उठले, धडपडत आतल्या दाराशी गेले आणि त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं ऐकलंस का? आपला ज्योतिबा चुकला नव्हता. गाडी ओढायची. त्याची चूक नव्हती गं. मी त्याला काय काय बोललो!"

सुलाबाई बाहेर आली. दोन वर्षं दाबून ठेवलेलं रडणं त्या बाईनं असं मोकळं सोडलं की वखारीतले हमाल काम सोडून दाराशी आले. म्हातारा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा मुलाची माफी मागत होता. सुलाबाई रडतही होती आणि तिच्या तोंडावर उजेडही आला होता. तिनं राहीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई, माझं लेकरू मला परत दिलंत, म्हणाली.

राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या ज्ञानूनं जीव दिला, तेव्हा यांच्या पोराच्या कपाळावरचा डाग पुसला. ती भांडायला आली होती, आणि इथं तिच्या पायांशी कुणीतरी देव भेटल्यासारखं रडत होतं.

बऱ्याच वेळानं नानासो शांत झाले. पाणी दिलं, चहा दिला. मग त्यांनी विचारलं, हळूच, जणू आपल्याला विचारायचा हक्क नाही अशा आवाजात. "बाई, त्या दिवशी तुम्ही आणखी दोन मोटारी बघितल्या म्हणे. मग माझीच का घेतलीत?"

ते वाक्य तयारच होतं. वाटभर घोळवलेलं, धार लावलेलं. राहीबाईनं म्हाताऱ्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. दोन वर्षांनी हा माणूस आज रात्री झोपणार होता.

"पोराला रंग आवडला," ती म्हणाली. "काळा."

केरबा बैलगाडी घेऊन टेशनावर आला होता. तिन्हीसांजा व्हायला आल्या होत्या. तिला गाडीत बसवून तो निघाला, वस्ती मागं पडली.

"काय म्हणला?" मग त्यानं विचारलं.

"त्यांचंबी पोरगं त्याच मोटारीत गेलंय. ते रडत हुते ते गाडीसाठी न्हाई, पोरासाठी. त्यांच्या पोराची चूक न्हवती, हे त्यांला आज कळलं. दोघं नवराबायको सुटली, आवं. सुटल्यागत रडत हुती."

"मग तू बोललीस का त्यांला?"

"न्हाई. मला जमंना." बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला. "ती सुटली. मला कोण सोडवायचं? फौजेत मी जाऊ दिलं न्हाई. मोटार मी निवडली. दावं मी हातात दिलं त्येच्या."

केरबानं बैल थांबवले. रस्त्यावर कुणी नव्हतं. तो मागं वळला नाही, बैलांच्या पाठीकडं बघतच बोलला. "सिद्धू जीप म्हणत हुता तवा माझ्याबी मनात जीपच हुती. बोलणार हुतो. तुझा हात कवा चुकत न्हाई म्हणून गप बसलो." त्यानं कासरा हाताला गुंडाळला. "तू एकली न्हाईस, राहे. मीबी हाय त्यात."

त्यानं बैल हाकले. राहीबाईनं पुढं हात करून नवऱ्याच्या पैरणीचं टोक धरलं. मग ज्ञानू गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं, आणि घर येईपर्यंत ती लेकाला नाव घेऊन हाका मारत राहिली.